रेघवालीचा हात

रेघवाली पिते, ही बातमी कारखान्यामागच्या खोल्यांमध्ये पहिल्यांदा सुटली ती खिडकीबाईच्या खिडकीतून. खिडकीबाईचं खरं नाव विचारलं असतं तर तिच्या नवऱ्यालाही जरा डोकं खाजवावं लागलं असतं. सकाळी केर काढून झाला की ती खिडकीत जी बसायची ती जेवायलाच उठायची, आणि जमलं तर जेवायचीही तिथेच. तिने पाणी भरताना एकीच्या कानात सांगितलं, आणि सांगताना शपथ घातली की कुणाला बोलायचं नाही. शपथ इतकी कडक पाळली गेली की दुपारपर्यंत भट्टीवरच्या बाप्यांनाही कळलं होतं.

पुरावा पक्का होता. चपटी बाटली. तसल्या बाटलीत काय असतं हे सांगायला शिकलेलं माणूस लागत नाही. रेघवाली ती एप्रनच्या आतल्या खिशातून काढायची, कारखान्याच्या मागच्या भिंतीकडे तोंड करायची, मान मागे टाकून एक घोट घशाखाली ढकलायची, कडूजहर तोंड करायची आणि मनगटाने ओठ पुसायची. रोज सकाळी, उपाशीपोटी. शिवाय तिचा हात थरथरायला लागला होता, हे तर सगळ्या कारखान्याने पाहिलं होतं. बाटली आणि थरथर, दोन्ही एकाच बाईपाशी. आता आणखी कोर्टकचेरी कशाला हवी? त्यात ती चार महिन्यांची पोटुशी. त्यामुळे बातमीला जी चव आली ती वेगळीच.

कारखाना चिनीमातीच्या कपबश्यांचा. पुढे भट्ट्या, मध्ये रंगकामाचा हॉल, मागे पॅकिंगची खोली, आणि तिच्याही मागे कामगारांच्या दोन-दोन खोल्यांची लांबच लांब ओळ. खोली कामाबरोबर मिळायची आणि कामाबरोबरच जायची. भिंती इतक्या पातळ की एका घरात कुणी शिंकलं तर पलीकडून विचारणा व्हायची.

या कारखान्याचा कप ओळखायचा तो त्याच्या काठाखालच्या पिवळ्या रेघेवरून. एकच रेघ, दोऱ्याएवढी. दिसायला काहीच नाही. पण कप फिरत्या चकतीवर ठेवायचा, बोटाने हलके टोले देत मधोमध आणायचा, डाव्या हाताने चकती फिरवायची, आणि उजव्या हातातला ब्रश हवेत खिळा ठोकल्यासारखा स्थिर धरायचा. फिरतो तो कप, ब्रश नाही. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिटली पाहिजे आणि सांधा दिसता कामा नये. सांधा दिसला की कप बाजूला. एका रेघेला एक श्वास, तोही रोखलेला. आणि प्रत्येक कपानंतर ब्रशचं टोक ओठांत धरून ओढायचं, म्हणजे केस एकत्र येतात. दिवसाला दोनशे कप, म्हणजे दिवसाला दोनशे वेळा ब्रश ओठांत. रंग गोडसर लागायचा. पोटुश्या बायकांना तर तो फार आवडायचा. बाकी काही पोटात ठरत नसलं तरी रंगाच्या बशीकडे त्यांची नजर जायची.

आमची रेघवाली या सगळ्यांत सरस. बाकीच्या रंगवाल्या कपाला जपून हात लावायच्या, ही कपाशी दम देऊन बोलायची म्हणे. नव्या मुली तिच्यामागे उभ्या राहून नुसतं बघायच्या. आता कौतुक झालं की माणूस शेफारतो. रेघवालीही शेफारली होती, थोडी, शोभेल इतकी. मुकादम फेरी मारायला आला की ती मुद्दाम दुसरीकडे बघत रेघ ओढायची.

हा हात तिने आणला नव्हता, सासूने दिला होता. सासूला सगळे मास्तरीण म्हणायचे, कारण ओळीतल्या निम्म्या बायकांना तिनेच ब्रश धरायला शिकवलं होतं. शिकवायची पद्धत सोपी. चुकलं की बोटांवर चकतीची दांडी, बरोबर आलं की काही नाही. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा मास्तरणीने तिची बोटं उलटसुलट करून पाहिली होती आणि मुलाला म्हणाली होती की बायको बरी आणलीस, तोंड जरा लांबट आहे पण हात चालेल. तोंडाचं सूनबाई अजून विसरलेली नाही.

मास्तरीण आता हॉलमध्ये जात नसे. कपांच्या पाट्या घरी यायच्या, आणि बाहेरच्या खोलीत खिडकीखाली तिचं टेबल होतं, त्यावर चकती, रंगाची बशी आणि तीन ब्रश. सूनबाईही संध्याकाळी तिथेच एखादी पाटी संपवायची. थोरली मुलगी याच टेबलाखाली रांगायला शिकली. वरून रंगाची कोरडी पूड पडायची आणि ती बोटाने वेचून तोंडात घालायची. आजीला वाटायचं, पोर आपल्यावर गेली.

शिवाय रंगवाल्यांच्या घरांतली एक पद्धत होती, ती कुणी काढली कुणास ठाऊक. मूल तीन महिन्यांचं झालं की घरातली सगळ्यांत चांगल्या हाताची बाई पिवळ्या रंगात ब्रश बुडवून त्याच्या जिभेवर एक रेघ ओढायची. म्हणजे हात पुढच्या पिढीत उतरतो. थोरलीच्या जिभेवर मास्तरणीने अशी काही रेघ ओढली होती की शेजारणी बघायला आल्या होत्या. पोरीने मिटक्या मारल्या होत्या. पुढे रडली की तिला ब्रशच चोखायला द्यायचे. गप्प बसायची.

थोरली गप्पच बसली, हीच पुढे पंचाईत झाली. अडीच वर्षांची झाली तरी शब्द फुटेना. फुटले ते थोडे, तेही एकमेकांपासून लांब लांब. पाच वर्षांची झाली, शाळेत गेली, आणि बाईंनी निरोप पाठवला की मुलगी शांत आहे, स्वभाव गोड आहे, फक्त काल शिकवलेलं आज तिच्यापाशी नसतं. पोट सारखं दुखायचं. बुटाची नाडी बांधायला बसली की अर्ध्यात तिला वाटायचं झालीच बांधून, आणि उठायची. मास्तरीण म्हणायची, काही बिघडत नाही, हिचा बापही उशिराच बोलला होता. बाप, म्हणजे रेघवालीचा नवरा, भट्टीवर होता, मनाने लोण्यासारखा. तो म्हणायचा, आई म्हणते ते बरोबर आहे. तो हे वाक्य कुठल्याही प्रश्नावर म्हणायचा.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा रेघवाली दवाखान्यात गेली, ती केवळ नवीन डॉक्टरीणबाई आलीय आणि ती वजन करते तो काटा बघायला सगळ्याजणी जातात म्हणून. पहिल्या वेळी असलं काही नव्हतं. सुईणीने पोट चाचपलं होतं आणि सांगितलं होतं, आहे. ही डॉक्टरीणबाई मात्र विचारायची फार. काय खाता, कुठे झोपता, घरात कोण कोण, काम काय करता. रेघवाली म्हणाली, रेघ ओढते. डॉक्टरीणबाईने मान वर केली आणि कशी ओढता ते दाखवायला सांगितलं. रेघवालीला काय, कुणी दाखव म्हटलं की आनंदच. तिने टेबलावरचं पेन उचललं, ओठांत धरून टोक ओढलं आणि हवेत एक रेघ मारून दाखवली.

डॉक्टरीणबाई हसली नाही. तिने लाकडी पट्टीने रेघवालीचा ओठ वर केला आणि हातात आरसा दिला. हिरडीच्या कडेला, दात सुरू होतात तिथे, एक निळसर काळी रेघ होती. बारीक, सलग, या दाढेपासून त्या दाढेपर्यंत. रेघवालीच्या मनात पहिला विचार आला तो धंद्याचा. सांधा कुठेच दिसत नव्हता.

रक्त घेतलं. आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं, थोरलीला घेऊन. तिचंही रक्त घेतलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईने दार लावून घेतलं आणि सांगितलं. पिवळ्या रंगात शिसं आहे. ते पोटात जातं, रक्तात जातं आणि हाडांत जाऊन बसतं, कारण हाडांना ते चुन्यासारखंच वाटतं. बाईला दिवस गेले की बाळासाठी हाडांतून चुना निघतो, त्याच्याबरोबर शिसंही निघतं आणि बाळाकडे जातं. वर रोज नवीन जातंय ते वेगळंच. बाळाचा मेंदू घडत असतो नेमका तेव्हा.

 रेघवालीने थोरलीकडे बघून विचारलं, "हिचंही तेच?"

"तेच," डॉक्टरीणबाई म्हणाली. "झालंय ते मला मागे फिरवता येत नाही. आणखी होऊ नये एवढं करता येतं. घरातली धूळ थांबवा, ओल्या फडक्याने पुसा, हिला नीट खायला घाला, शिकवताना चिडू नका."

"आणि पोटातलं?"

"काम आज सोडलंत तर त्याला कमी मिळेल. अजिबात मिळणार नाही असं मी म्हणणार नाही."

तिने एक चिठ्ठी लिहून दिली, या बाईला रंगकामावरून हलवावं. लोहाचं औषधही द्यायचं होतं, पण दवाखान्यात बाटल्या नव्हत्या, ज्याने त्याने आपली आणायची. रेघवालीच्या घरात मोकळी बाटली एकच होती, नवऱ्याच्या मित्राने कधीतरी भरलेली आणून रिकामी ठेवून गेलेली. चपटी. ती तिने तीनदा धुतली आणि नेली.

घरी आली तेव्हा मास्तरीण शेजारणीला कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती. नक्कल तिची फर्मास असायची. शेवटी ती स्वतःच तोंड उघडून खदखदून हसली, आणि सूनबाईला तिच्या हिरडीवरची रेघ दिसली. इतकी वर्षं समोर होती. आपल्यापेक्षा जाड, अंगठीसारखी पक्की.

चिठ्ठी मुकादमापाशी गेली. मुकादमाने ती वाचली, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सारली. म्हणाला, डॉक्टरीणबाईंना म्हणावं या आणि दोनशे कप रंगवून द्या, मग तुला हलवतो. पुढे आवाज खाली आणून त्याने रंग घोटणाऱ्याची आठवण करून दिली. त्या माणसाने रंगाने पोटात कळा येतात म्हणून तक्रार केली होती, आणि चार दिवसांत त्याची खोली दुसऱ्याला मिळाली होती. नवरा भट्टीवर, सासू टेबलावर, आपण हॉलमध्ये, आणि डोक्यावरचं छप्पर या तिघांवर टेकलेलं. रेघवालीने मुकादमाला बरं म्हटलं आणि जाऊन कप चकतीवर ठेवला. त्या दिवशी ब्रश तिने पाण्याच्या वाटीच्या काठावर ओढून पाहिला. केस फिस्कटले, रेघ शेपटीसारखी झाली. मुकादम लगेच मागे येऊन उभा. तिने ब्रश ओठांत घातला.

मग घरी बोलायचं ठरवलं. नवऱ्याशी बोलून उपयोग नव्हता. तो काही वाईट नाही, पण त्याच्या पोटात गोष्ट राहायची ती फार तर जेवणापर्यंत. म्हणून दुपारी मास्तरणीजवळ बसली आणि सुरुवात लांबून केली. म्हणाली, आई, यांच्या आधीची तुमची दोन गेली ना, ती कशाने गेली?

मास्तरणीने चकती थांबवली नाही. "पहिलं सातव्यात गेलं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी तीनशे कप केले होते. साहेबांनी स्वतः येऊन पाठ थोपटली. दुसरं महिनाभर जगलं. त्याच्या जिभेवर मी रेघ लवकरच ओढली होती, अंगात जरा बळ यावं म्हणून."

असं म्हणून तिने ब्रश ओठांतून ओढला, कपाला लावला, आणि रेघ जिथून निघाली तिथे आणून मिटवली.

 सांगायचं ते सगळं सूनबाईच्या तोंडाशी आलेलं होतं. पण या बाईला काय सांगायचं? की तुझी दोन कुठे गेली? की थोरलीच्या जिभेवर तू काय ओढलंस? मास्तरीण साठीला आली होती. तिच्याजवळ होतं काय, एक तो हात आणि त्या हाताचा अभिमान. सूनबाई उठली आणि ओलं फडकं घेऊन टेबलाखालची जमीन पुसायला लागली. मास्तरीण म्हणाली, डोहाळे स्वच्छतेचे लागलेत वाटतं.

आता कारखान्यात सुटकेचा रस्ता एकच होता, आणि तो फक्त म्हाताऱ्यांना मोकळा होता. हात गेला की पॅकिंग. कायदा कुणी लिहिला नव्हता, पण चालत आलेला. रंगवालीची रेघ थरथरायला लागली की तिला मागच्या खोलीत गवतात कप गुंडाळायला बसवायचे. खोली जात नसे, मान जात असे. पॅकिंगला बसलेल्या बाईला हॉलमधल्या बायका हाक मारताना जरा हळू मारायच्या, आजारी माणसाला मारतात तशी.

रेघवाली तेव्हा एकोणतीस वर्षांची.

वाटतं तेवढं सोपं नसतं हो, चांगला हात बिघडवणं. पहिल्या दिवशी तिने जी थरथर केली ती पाहून मुकादमाने विचारलं, उचकी लागलीय का. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रंगवालीने खिडकी लावून घेतली, हिला थंडी वाजते म्हणून. खोटी रेघ मोठ्या लाटेसारखी येत होती, पोरं समुद्र काढतात तशी, आणि तीही दोन्ही टोकं बरोबर जुळून. काही केल्या सांधा चुकेना. मग ती दुपारच्या सुट्टीत पॅकिंगच्या खोलीत जाऊन गवतआजीजवळ बसायला लागली. गवतआजी म्हणजे तिथली सगळ्यांत जुनी, हात खरोखर गेलेली. तिने डब्याचं झाकण उघडताना, पेला धरताना हात कसा होतो ते रेघवालीने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. खरी थरथर रेघेच्या मध्यात नसते. ती वस्तूजवळ जाताना येते. ब्रश कपाला टेकायच्या आधी, त्या शेवटच्या बोटभर अंतरात. टेकला की हात सावरतो, आणि माणूस आजूबाजूला बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना. हे बघणं तर फार महत्त्वाचं. गवतआजीला वाटायचं, किती माणुसकीची पोर, रोज येऊन बसते. तिने रेघवालीला गवताची चांगली जुडी कशी ओळखायची तेही शिकवून ठेवलं.

पंधरा दिवसांत थरथर अशी बसली की मुकादम ओशाळून दुसरीकडे बघायला लागला. रोज पाच कप बाजूला, मग दहा, मग चाळीस. त्याच सुमाराला खिडकीबाईला बाटली दिसली, आणि जे कुणाला समजत नव्हतं ते सगळ्यांना एकदम समजलं.

रेघवालीच्या कानावर ते आलं तेव्हा तिला आधी हसू फुटलं. औषधच ते, घरी चार लोकांसमोर प्यायलं असतं तर प्रश्न नव्हता. पण मास्तरणीने विचारलं असतं, कशाचं औषध, कुणी दिलं, का दिलं. म्हणून ती कामावर जाताना मागच्या भिंतीपाशी थांबून तिकडे तोंड करायची. आता बाटली उघडी करून दाखवावी तर औषध दिसणार, औषध दिसलं की आजार विचारणार, आजार सांगितला की रंगाचं नाव येणार. मग खोली. मग मास्तरीण. एक दोरा ओढला की सगळंच उसवणार. तिने बाटली खिशात ठेवली आणि लोकांना बोलू दिलं. तेवढ्याने मुकादमाचाही निर्णय झाला. पिणाऱ्या बाईवर कपांची पाटी कोण सोपवणार? सोमवारपासून पॅकिंग.

घरी नवरा संध्याकाळी जवळ येऊन बसायचा आणि उगीचच तोंडाजवळ तोंड नेऊन बोलायचा. वास येत नाही याचं त्याला आश्चर्य वाटायचं. शेवटी त्याने तिला माफ केलं, मोठ्या मनाने, काही न विचारता. त्याच्या त्या माफीइतकं तिला कुणाचंच बोलणं लागलं नाही.

मास्तरीण मात्र सरळ बोलली. ती सुनेला कधी वाकडं बोलायचीच नाही, सरळच एवढं असायचं. म्हणाली, मी जन्मभर जो हात घडवला तो तू बाटलीत घातलास. सूनबाई ओट्याजवळ उभी राहून ऐकत होती. मग ती टेबलापाशी आली, वाळत ठेवलेला कप उचलायला गेली, आणि शेवटच्या बोटभर अंतरात तिचा हात थरथरला. कप फुटला. दोन दिवसांनी आणखी एक. तिसरा फुटला तसं मास्तरणीने भट्टीवरून मुलाला बोलावून घेतलं आणि टेबल, चकती, बशी, ब्रश, सगळं उचलून हॉलच्या मागच्या पडवीत नेऊन ठेवायला लावलं. माझ्या कपांजवळ ही थरथर नको, म्हणाली. टेबल दारातून बाहेर जाताना रेघवाली खाली मान घालून उभी होती. ते गेल्यावर तिने खोली धुतली. खिडकीच्या फटी, दाराच्या चौकटीमागे, भिंतीच्या कडा. आठ दिवस धूत होती. खिडकीबाई म्हणाली, पिणाऱ्यांना असे झटके येतात.

मुलगीच झाली. वजन थोडं कमी, पण रडली ती अशी की भट्टीवर ऐकू जावं.

तीन महिने होत आले.  टेबल घालवता आलं, हात घालवता आला, पण जिभेवरची रेघ कशी चुकवायची? मास्तरीण पडवीतून घरी यायची आणि बाळाच्या बोटांकडे बघत बसायची. ब्रश तिने नवा आणून ठेवला होता, मऊ केसांचा. रेघवालीने मनात नाही नाही ते रचलं. पोरीला ताप आला सांगू, माहेरी जाऊ. माहेर कुठलं, आई कधीच गेली होती. जास्तीत जास्त काय, ब्रश हिसकावून घेऊ. आणि मग सगळं सांगून टाकू.

तो दिवस आला. शेजारणी जमल्या, खिडकीबाई पहिल्या ओळीत. मास्तरणीने रंग कालवला, ब्रश बुडवला, बाळाला मांडीवर घेतलं. रेघवाली एक पाऊल पुढे सरकली. बाळाने जांभई दिली, जीभ बाहेर आली. मास्तरणीने त्या जिभेकडे पाहिलं, मग सुनेच्या हाताकडे पाहिलं. तो हात त्या क्षणी तिने मुद्दाम न करताही थरथरत असेल, सांगता येत नाही. मास्तरीण थांबली. तिने ब्रश बशीत परत ठेवला.

"हिला नको," ती म्हणाली. "हात उतरायचा तर आईचा उतरेल. मी अशी रेघ पुढे नेणार नाही."

शेजारणींनी चुकचुकत रेघवालीकडे पाहिलं. एवढा मोठा अपमान त्या ओळीत कुणा सुनेचा झाला नव्हता. रेघवालीने बाळाला उचलून घेतलं आणि ती रडली, आणि सगळ्यांना वाटलं, लाज वाटली बिचारीला.

धाकटी दहाव्या महिन्यात बोलायला लागली आणि नंतर कुणाला बोलू देईना. शाळेत गेली, शिकली, विसरली नाही. थोरली आठवीत दोनदा बसली. तिला तिच्या पद्धतीने शिकवायला लागायचं, एक गोष्ट वीसदा, विसाव्या खेपेला पहिल्यासारखं हसून. रेघवाली हसायची. नाडीचं आजही धाकटी बघते, रस्त्यात खाली बसून बांधून देते, आणि थोरली तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहते. दोघींना शेजारी पाहिलं की रेघवालीच्या मनात आनंद आणि दुसरं जे काही यायचं ते एकाच वेळी यायचं, आणि त्यातलं एकही कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. धाकटीने एकदा पाटीच्या काठाभोवती खडूने रेघ ओढली. कुणी शिकवली नव्हती. दोन्ही टोकं येऊन मिळाली, सांधा दिसत नव्हता. रेघवालीने पाटी घेतली आणि ओल्या फडक्याने पुसून ठेवली.

पॅकिंगच्या खोलीला खिडकी नव्हती, उंचावर एक झरोका होता. बारा वर्षं ती तिथे बसली. एक कप, एक मूठ गवत, कागद, खोका. प्रत्येक कप हातात आला की अंगठा आपोआप काठाखाली रेघेवरून फिरायचा. दुसऱ्यांच्या रेघा. कुठे सांधा आहे ते तिला न बघता कळायचं. आणि गुंडाळताना कप जवळ नेला की कुणी बघत असो नसो, शेवटच्या बोटभर अंतरात हात थरथरवायचा, मग आजूबाजूला बघायचं. इतकी वर्षं केलेलं सोडता येत नव्हतं.

बाराव्या वर्षी मास्तरणीचा हात गेला. खराच गेला. तिलाही मागे पाठवलं, आणि सासू-सून गवताच्या एकाच ढिगाला दोन बाजूंनी टेकून बसायला लागल्या. मास्तरणीला कागद दुमडता यायचा नाही. सूनबाई आपला कप ठेवून तिचा करून द्यायची.  एकदा मास्तरीण म्हणाली, तुझी थरथर मला लागली गं. आणि खदखदून हसली. हिरडीवर रेघ तशीच होती, दात मात्र दोनच उरले होते.

थोड्या वेळाने तिने हातातला कप खाली ठेवला.

"खरं सांग सूनबाई. आता कोण विचारतंय. तू खरंच प्यायचीस?"

रेघवालीच्या मांडीवर कप होता, अंगठा रेघेवर होता. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग हात कशाने गेला? आणि त्याच्या पुढचाही. ती त्या पुढच्या प्रश्नांच्या टोकापर्यंत मनात जाऊन आली. तिथे सातव्या महिन्यातलं एक होतं आणि महिनाभर जगलेलं एक होतं.

"प्यायचे, आई," ती म्हणाली.

मास्तरणीने मान हलवली. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. आपल्या शिकवण्यात काही खोट नव्हती, एवढं तिला कळायचं होतं. म्हणाली, सुटली ना पण, तेवढं तरी केलंस. आणि कप पुढे सरकवला, गुंडाळून दे म्हणून.

पुढच्या वर्षी मास्तरीण गेली. रेघवाली अजून पॅकिंगलाच आहे. ओळीतल्या नव्या सुनांना अजून दाखवतात ती कोण, आणि बाटली कुठल्या खिशात असायची तेही सांगतात.

बाटलीत दवाखान्यातलं लोहाचं औषध होतं. रेघवालीने दारू कधीच घेतली नाही, आणि तिचा हात कधीच गेला नव्हता.